शेकोटी सीझन: सोटोचे ७६५ मिलियन, डॉजर्सची उधारी आणि गाव सोडून गेलेली आमची टीम

फ्रीमाँटकर | २३ जानेवारी २०२५, २२:४०

दरवर्षी जानेवारीत मी बेसबॉलचा धागा काढतो आणि पंधराव्या प्रतिसादाला तो क्रिकेटवर जातो, यंदा बघू किती तग धरतो.

इथे अमेरिकेत हिवाळ्यातल्या या गप्पांना हॉट स्टोव्ह म्हणतात, पूर्वी थंडीत लोक दुकानातल्या शेगडीभोवती बसून कोण कुठल्या टीममध्ये जाणार याच्या बाता मारायचे त्यावरून. मी शेकोटी सीझन म्हणतो. मॅच एकही नाही पण बातम्या ढीगभर. यँकीजच्या सोटोने न्यूयॉर्कच्याच मेट्सकडून १५ वर्षांचे ७६५ मिलियन डॉलर घेतले, स्नेल १८२ मिलियनला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला, गेल्या शुक्रवारी जपानचा सासाकीपण डॉजर्सकडेच, त्यानंतर दोन दिवसांत टॅनर स्कॉट ७२ मिलियनला, तोही तिकडेच. ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज (म्हणजे इथली फायनल) जिंकलेली टीम अजून ताटावरून उठायला तयार नाही आणि सगळीकडे एकच रडगाणं चालू आहे की डॉजर्सनी बेसबॉलची वाट लावली, आता टीमच्या एकूण पगाराला कॅप, म्हणजे वरची मर्यादा, लावा.

मला हे पटत नाही. आणि आधीच कबूल करतो की मी तटस्थ वगैरे नाहीये, माझी टीम ओकलंडची अ‍ॅथलेटिक्स ऊर्फ ए'ज होती. होती.

२६ सप्टेंबरला, गुरुवार होता, सुट्टी टाकून आणि लेकीला शाळा बुडवायला लावून ओकलंडच्या कोलिसियम स्टेडियमला गेलो. शेवटची मॅच. बार्टच्या (आमची लोकल ट्रेन) पुलावर नेहमीचा बेकन गुंडाळलेल्या हॉटडॉगचा धूर, आणि आत ४६,८८९ लोक, ज्या मैदानात आम्ही कित्येकदा अख्ख्या रांगेत दोघंच बसून पाय पुढच्या खुर्चीवर टाकून मॅच बघितल्यात. रेंजर्सविरुद्ध ३-२ जिंकलो. मेसन मिलरने शेवटचा आउट काढला आणि कोणी उठेचना. मॅनेजर कोत्से माइक घेऊन मैदानात आला, लोकांचे आभार मानले आणि शेवटी सगळ्यांकडून 'लेट्स गो ओकलंड'चा गजर करून घेतला. ग्राउंड्समन लोक इनफिल्डची माती काढून देत होते, कोणी ग्लासात घेतंय कोणी टोपीत. आमच्याकडे बायकोने बडीशेप भरून दिलेली हिंगाची जुनी डबी होती. बडीशेप दोघांनी तोंडात टाकली आणि डबीत माती भरून घेतली. ती डबी लेकीच्या टेबलावर आहे, उघडली की अजून हिंगाचा वास येतो.

५७ सीझन ओकलंडमध्ये, १९७२-७३-७४ ची हॅटट्रिक आणि १९८९ ची ट्रॉफी, आणि आता टीम सॅक्रमेंटोला मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या लीगच्या, जेमतेम १४ हजारांच्या ग्राउंडवर भाडेकरू म्हणून राहणार, २०२८ ला लास वेगसला स्टेडियम होईल तोपर्यंत. नावात गावच नाही, नुसतं 'अ‍ॅथलेटिक्स'. आडनाव गाळलेल्या पत्रिकेसारखं.

आता मुद्दा. प्रत्येक टीम स्वतःच्या स्थानिक कमाईतले ४८ टक्के सामायिक हंड्यात टाकते आणि तो हंडा तीसही टीम्समध्ये सारखा वाटतात. एकत्र कुटुंबासारखं आहे हे. एक भाऊ दुकान वाढवतोय, कर्ज काढतोय, पहाटे उठतोय, दुसरा भाऊ आपला वाटा घेऊन ओट्यावर बसलाय आणि वर तोच ओरडतोय की दादाच्या घरी रोज पुरणपोळी का. २०२४ ला लीगमधला सगळ्यात कमी पगारखर्च आमच्या टीमचा होता. आणि परवा डिसेंबरात ओट्यावरचा भाऊ अचानक उठला आणि लुइस सेव्हेरिनोला ६७ मिलियन दिले, जो तोपर्यंतचा क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार ठरला, आधीचा विक्रम एरिक चावेझचा ६६ मिलियनचा, २००४ चा! वीस वर्षांत एक मिलियनची वाढ. आणि हेही का, तर बातम्या अशा आहेत की हंड्यातला पैसा खेळाडूंवर खर्च होत नाही म्हणून खेळाडूंची युनियन तक्रार करेल ही भीती होती.

म्हणून मला वाटतं की वरून कॅप नंतर बघू, आधी खालून फरशी टाका. अमुक इतके मिलियन खर्च केलेच पाहिजेत नाहीतर वाटा बंद. झोडपा आता.

जर्सीचा_जावई | २३ जानेवारी २०२५, २३:२५

झोडपत नाही, मी स्वतःच झोडपलेला आहे. यँकी फॅन. वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या मॅचला ५-० पुढे असताना पाचव्या इनिंगमध्ये आमच्या आरन जजने हातातला कॅच सोडला, व्होल्पेने थ्रो घालवला, पिचर कोल फर्स्ट बेसला धावलाच नाही, त्यातून सावरतोय तोवर ८ डिसेंबरच्या रात्री सासरेबुवांचा फोन. हे गृहस्थ एरवी दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला असा वर्षाला दोनदा फोन करतात. १९८६ पासूनचे मेट्सवाले. फोन उचलला तर हॅलो नाही काही नाही, नुसतं "सोटो आमच्याकडे आला हो जावईबापू" आणि मागे सासूबाईंचं हसणं.

यँकीजनी म्हणे १६ वर्षांचे ७६० मिलियन द्यायची तयारी दाखवली होती. आणि अडलं कुठे तर म्हणे घरच्यांसाठी स्टेडियममधला सुइट फुकट पाहिजे होता, यँकीजचं म्हणणं की जज पैसे भरतो, जीटरने भरले, मग याला फुकट कसा देणार. मला आधी राग आला. नंतर विचार केला की लग्नात पण हेच होतं, पाच तोळ्यांवर दोन्हीकडचे हो म्हणतात आणि मानपानाच्या टॉवेलटोपीवरून मोडतं.

जळगावची_केळी | २४ जानेवारी २०२५, ०९:१०

भारतातून वाचतोय. शाळेत सॉफ्टबॉल खेळलोय (आमच्या जळगावात क्रिकेटइतकाच जोरात चालतो, हसू नका) त्यामुळे खेळ कळतो पण पैशाचं गणित डोक्यावरून जातं. ७६५ मिलियन म्हणजे साडेसहा हजार कोटी???? आपल्या ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी दिले तर आमच्या ग्रुपवर दोन दिवस मारामाऱ्या. आणि आयपीएलमध्ये तर प्रत्येक टीमची २०२५ ची पर्स १२० कोटीच, तसं इथे का नाही करत? आणि ओहतानी फुकट खेळतो असं काहीतरी वाचलं ते काय आहे

फ्रीमाँटकर | २४ जानेवारी २०२५, १२:०५

केळीसाहेब, फुकट नाही, उधारीवर. आपल्याकडे दुकानात 'आज रोख उद्या उधार' ची पाटी असते, डॉजर्सची पाटी उलटी आहे. ओहतानीचा करार १० वर्षांचा ७०० मिलियनचा, त्यातले ६८० मिलियन २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार, बिनव्याजी. आत्ता वर्षाला फक्त २ मिलियन, म्हणजे साधारण १७ कोटी. थोडक्यात जगातला सगळ्यात भारी बेसबॉलपटू आज हातात पंतपेक्षा कमी पगार घेतोय!

लोक समजतात की याने लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरावीक आकड्यावर गेला की टीमला भरावा लागणारा दंड) चुकतो. पूर्ण चुकत नाही. वीस वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत कमी असते ना, तसं लीग आजच्या किमतीने हिशोब लावते आणि त्याचे वर्षाला ४६ मिलियन धरते. ७० नाही आणि २ पण नाही. शिवाय ती पुढची रक्कम क्लबला आधीपासून बाजूला काढून ठेवावी लागते. खरा तोटा झाला तर कॅलिफोर्नियाचा, कारण पैसे मिळायच्या वेळी तो दुसऱ्या राज्यात किंवा जपानला राहायला गेला तर इथला १३.३ टक्क्यांचा वरचा स्लॅब हुकतो. एप्रिलमध्ये आपण रिटर्न भरताना कसे रडतो ते आठवा.

सोटोच्या करारात उधारी शून्य, सगळं वेळच्या वेळी. २०२२ ला याच पोराने वॉशिंग्टनचे ४४० मिलियन नाकारले तेव्हा मी इथेच लिहिलं होतं की पस्तावेल. माझं बेसबॉलचं ज्ञान त्यावरून ओळखा.

सनीवेलचा_सखाराम | २४ जानेवारी २०२५, १९:४८

जायंट्स फॅनचं दुःख कोणाला सांगायचं. तुमची टीम निदान गेली, आमची इथेच आहे आणि दरवर्षी स्थळ बघायला जाते. मुलगा पसंत पडतो, कांदेपोहे होतात, आणि मग 'कळवतो' म्हणून तो लॉस एंजेलिसला जाऊन लग्न करतो. २०२२ ला यँकीजचा जज, तो न्यूयॉर्कलाच राहिला. मग कोरेया, ३५० मिलियनला साखरपुडा ठरला, आणि मेडिकलला पत्रिका अडली. मग ओहतानी. स्नेल तर एक वर्ष नांदून गेला. आता आमचाच जुना खेळाडू पोझी स्वतः कारभारी झालाय, त्याने अ‍ॅडामेसला १८२ मिलियनला आणला ते चांगलंच केलं, पण वरती ४१ वर्षांचा व्हर्लँडर १५ मिलियनला! माणूस थोर आहे, हॉल ऑफ फेमला (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) जाणार यात शंका नाही, पण गुडघ्याचं तेल आपल्याला घालायचंय.

कॅपबद्दल मात्र एक सांगतो. मी ९३ ला इथे आलो, खेळ नीट कळायला लागला तो ९४ मध्ये. आमचा मॅट विल्यम्स ११ ऑगस्टपर्यंत ४३ होमरन मारून बसला होता, मॅरिसचा एका सीझनमधला ६१ चा विक्रम मोडेल म्हणून ऑफिसात पैजा लागलेल्या. दुसऱ्या दिवशी संप. मालकांना कॅप हवी होती, खेळाडू नाही म्हणाले, आणि वर्ल्ड सिरीजच रद्द. विल्यम्सचे ४३ चे ४३ च राहिले. मालक आणि खेळाडूंमधला आत्ताचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय आणि मालक परत तेच तुणतुणं वाजवायला लागलेत. अमेरिकेतल्या चार मोठ्या लीगमध्ये कॅप नसलेली ही एकटीच, ती मोकळीक खेळाडूंनी एक सीझन जाळून वाचवलेली आहे, ते सहज सोडणार नाहीत.

पिट्सबर्गची_पाहुणी | २५ जानेवारी २०२५, ०८:३०

फ्रीमाँटकर, तुमची डबी वाचून डोळ्यात पाणी आलं पण मुद्दा अर्धाच पटला.

मी पायरेट्सची. आमच्याकडे शेवटची वर्ल्ड सिरीज १९७९ ला आली. १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन हरण्याचे, माझा मुलगा जन्मला, चालायला लागला, कॉलेजला गेला, टीम हरतेच आहे. आमचा मालक ओट्यावरचा भाऊ आहे हे मान्य, १००%. पण समजा उद्या तो उठला आणि फरशी घातली आणि ५० मिलियन जास्त खर्च केले. डॉजर्सचा एकट्या टीव्हीचा करार २५ वर्षांचा ८.३५ बिलियनचा आहे, भागाकार करा, वर्षाला ३३० मिलियनच्या वर. छोट्या गावांत तर केबलवाल्या स्पोर्ट्स चॅनलचं दिवाळं निघालं, तिथे टीव्हीचे पैसे किती आणि कधी येतील हेच टांगणीला. दादा पहाटे उठतो हे खरं पण दादाचं दुकान लक्ष्मी रोडवर आहे आणि आमचं गल्लीच्या टोकाला, हेही बोला ना.

आमच्याकडे आत्ता स्कीन्स नावाचा पिचर आहे. गेल्या वर्षी रुकी (पहिल्याच सीझनचा खेळाडू) म्हणून आला आणि ऑलस्टार मॅचची सुरुवात त्याने केली. त्याची बॉलिंग (पिचिंग म्हणा हवं तर) असते त्या दिवशी आमचे हे ऑफिसातून चार वाजता 'डेंटिस्ट' म्हणून निघतात. आणि तरी प्रत्येक वेळी मनात आकडा असतो, २०२९ नंतर हा फ्री एजंट, म्हणजे कुठेही जायला मोकळा. दुसऱ्याच्या घरची पोर वाढवतोय असं वाटतं. फरशी घाला, पण छप्परही घाला, नाहीतर पाऊस आतच येणार.

फ्रीमाँटकर | २५ जानेवारी २०२५, ११:१५

लक्ष्मी रोडचा मुद्दा जोरदार, मान्य. टीव्हीचा पैसा हंड्यात जास्त यायला हवा, याला माझी ना नाही. पण छप्पर घातल्यावर वाचलेला पैसा कुठे जातो? सखारामभाऊंचं ९४ चं वाचा. तो स्कीन्सच्या खिशातून निघून तुमच्या मालकाच्या खिशात जातो, तिकीट स्वस्त होत नाही. ऑफिसात पगारवाढीला कॅप लावून कंपनीने कधी कँटीनचा चहा स्वस्त केलाय का?

आणि २००० नंतर लागोपाठ दोन वर्षं कोणी ट्रॉफी जिंकलेली नाही. यँकीजची ९८-९९-२००० ची हॅटट्रिक ही शेवटची. पैसेवाले जिंकतात पण सलग नाही जिंकत.

लिंबूटिंबू | २५ जानेवारी २०२५, २१:०२

पैशाचं पुरे झालं की हो. त्या गोल्डन अ‍ॅट-बॅटवर कोणीच बोललं नाही? कमिशनर मॅनफ्रेड साहेबांनी पुडी सोडलीये की मॅचमध्ये एकदा टीमला वाटेल तेव्हा वाटेल तो बॅटर उभा करता यावा, पाळी कोणाची का असेना. अरे आम्ही चाळीत हेच खेळायचो, ज्याची बॅट तो दोनदा, आणि कॉमन बॅट्समन दोन्हीकडून. आम्ही दहा वर्षांचे होतो पण! बेसबॉलची मजाच ही की नवव्या इनिंगला ओहतानी नाही, कोणीतरी आठ नंबरचा केविलवाणा मुलगा उभा राहणार आणि त्यालाच काय ते करावं लागणार.

बाकी इचिरो. हॉल ऑफ फेमसाठी ३९४ पैकी ३९३ मतं. तो एक कोण?? ज्या माणसाने सत्ताविसाव्या वर्षी इथे येऊन ३,०८९ हिट्स मारले, २००४ ला एका सीझनमध्ये २६२, त्याला मत न देणारा घरी काय खातो? इचिरोचं बघा, तो म्हणाला की त्या माणसाला घरी बोलावून त्याच्याबरोबर ड्रिंक घ्यायला आवडेल. आपण असतो तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाच वर्षं नाव काढत बसलो असतो.

जर्सीचा_जावई | २२ फेब्रुवारी २०२५, ०७:५०

ब्रेकिंग! यँकीजनी दाढी ठेवायची परवानगी दिली!! सत्तरच्या दशकापासूनचा नियम, फक्त मिशी चालायची, आता नीट राखलेली दाढीपण चालेल. सोटो गेल्याचं दुःख दाढीने भरून काढतायत. सासरेबुवांचा या वर्षातला तिसरा फोन आला, "आता न्हाव्याचे पैसे वाचले, त्यात एखादा सुइट देऊन टाका".

सनीवेलचा_सखाराम | २ नोव्हेंबर २०२५, ००:३५

धागा वर काढतोय. फ्रीमाँटकर कुठे आहेत? "पैसेवाले सलग नाही जिंकत" म्हणालेले. आत्ता संपली वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, टोरँटोविरुद्ध, अकरा इनिंग, डॉजर्स ५-४. सलग दुसरी. मी जायंट्सचा, मला झोप येणार नाहीये तर तुम्हालाही नको.

पिट्सबर्गची_पाहुणी | २ नोव्हेंबर २०२५, ००:५०

छप्पर.

लिंबूटिंबू | २ नोव्हेंबर २०२५, ०१:१०

थांबा थांबा, पण बरोबरी कोणी केली? डॉजर्सच्या रोहासने! नऊ नंबरला बॅटिंग करणारा, ज्याच्या पगारावर जन्मात धागा निघाला नसता. टोरँटोला ट्रॉफीसाठी दोन आउट हवे होते आणि हा बाबा होमरन मारतो. गोल्डन अ‍ॅट-बॅट असती तर याला बाकावर बसवून ओहतानीला पाठवला असता की नाही? माझा मुद्दा सिद्ध, मी झोपायला चाललो.

जर्सीचा_जावई | २ नोव्हेंबर २०२५, ०८:१५

आणि मेट्स? ७६५ मिलियनवाले? प्लेऑफलाच (बाद फेरीलाच) नाहीत, शेवटच्या दिवशी मायामीकडून हरून बाहेर. सोटोने आपलं काम केलं हो, ४३ होमरन आणि वर ३८ बेस चोरले, चोर कुठला. यंदा मी फोन केला सासऱ्यांना. उचलला नाही. सासूबाई म्हणाल्या, देवळात गेलेत.

फ्रीमाँटकर | २ नोव्हेंबर २०२५, १०:४०

आहे, इथेच आहे. सलग जिंकत नाही हे विधान मागे घेतो, सखारामभाऊ, छापून फ्रिजवर लावा. बाकी मत तेच. टोरँटोनेही त्यांच्या व्लाडी ग्युरेरोला ५०० मिलियन दिले म्हणून ती टीम सातव्या मॅचपर्यंत पोचली ना, म्हणजे डॉजर्सना घाम कोणी फोडला, तर ज्याने खर्च केला त्याने. पाहुणीताई म्हणतील मिलवॉकीने कमी पैशात ९७ मॅच जिंकल्या आणि मग सेमीफायनलला डॉजर्सनी ४-० धुतलं, ओहतानीने एकाच मॅचला बॅटिंगमध्ये तीन होमरन आणि पिचिंगमध्ये दहा स्ट्राइकआउट. त्याला उत्तर नाही माझ्याकडे. तो माणूस कॅपमध्ये बसवा नाहीतर टोपीत बसवा, तो तेच करणार.

आमची गोष्ट वेगळीच झाली. मी शपथ घेतलेली की या मालकाच्या टीमची एकही मॅच बघणार नाही. जुलैच्या २५ ला शुक्रवारी रात्री लेक जेवणाच्या टेबलावर फोन वाटीला टेकवून काहीतरी बघत होती, मी ओरडणार तेवढ्यात कानावर आलं, कर्ट्झ. ए'जचा रुकी. ह्यूस्टनमध्ये तिसरा होमरन मारला होता. मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागे उभा राहिलो. चौथाही मारला. सहा पैकी सहा हिट, एका मॅचला चार होमरन मारणारा पहिलाच रुकी. माझं पाणी ग्लासातच. ती मागे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही बघत नाही ना?"

पिट्सबर्गची_पाहुणी | २ नोव्हेंबर २०२५, ११:०५

मग एप्रिलमध्ये सॅक्रमेंटो?

फ्रीमाँटकर | २ नोव्हेंबर २०२५, ११:२०

तिला जायचंय. मी सोडायला जाईन, दीड-दोन तासांचा तर रस्ता. मी पार्किंगमध्ये बसेन.

सनीवेलचा_सखाराम | २ नोव्हेंबर २०२५, ११:३१

१४ हजारांचं ग्राउंड आहे हो. पार्किंगमध्ये सगळं ऐकू येतं.